कॅमेरा आला, आता बॅगेत काय काय भरू?

दसरा-दिवाळी झाली की या सदराच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरात येतो, नवा डीएसएलआर घेतलाय आता सोबत काय घेऊ. कोणी कोरा घेतलाय, कोणी मिररलेसवर गेलेल्या मित्राकडून जुना उचललाय (हे शहाणपणाचंच, अशात सेकंडहँडमध्ये चांगला माल मिळून जातो). यावेळी सगळी पत्रं मुद्दाम आपल्या खान्देशातली काढली, म्हणजे ऊन, धूळ, केळी आणि धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं सगळ्यांच्या ओळखीची, वेगळं समजावत बसायला नको.

दादा, मी रावेरचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केळीचे पैसे आले तेव्हा बाबांनी कॅनन १५००डी घेऊन दिला, १८-५५ लेन्ससोबत. दुकानदाराने वर यादी दिलीय, १२८ जीबी कार्ड, यूव्ही फिल्टर, ट्रायपॉड, बॅग, जादा बॅटरी, क्लिनिंग किट, स्क्रीनगार्ड आणि लेन्सवर लावायचे वाइड-टेलीचे दोन अटॅचमेंट. सगळं मिळून साडेनऊ हजार. माझ्याकडे सहाच आहेत. काय सोडू?

अरे, काय सोडू असं विचारतोयस म्हणजे निम्मं काम झालंच. पहिले ते दोन अटॅचमेंट खोड. चांगल्या लेन्सच्या तोंडावर अजून एक स्वस्तातली काच बसवली की कडेकडेचं सगळं पाण्यात भिजल्यासारखं फिसकटतं. मी पण हौसेने घेतले होते, त्यातला वाइडवाला आता आमच्या पोराकडे मुंग्या बघायला आहे.

बाकीचं तुझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने बघू, दुकानदाराच्या नाही. जादा बॅटरी घे, आणि हे मी सगळ्यांना सांगत नाही बरं का. निकॉन डी३५०० वाल्याला एका चार्जिंगवर १५५० फोटो मिळतात असा कंपनीचा आकडा आहे, त्याचं दुसरी बॅटरी नसली तरी आख्खं लग्न निघून जातं. तुझ्या एलपी-ई१० बॅटरीचा आकडा आहे ५००, आणि तोही डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधून काढले तर. मोबाईलच्या सवयीने नवीन माणूस मागच्या स्क्रीनवर बघूनच फोटो काढतो, तसं केलं की हाच आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे सकाळी बागेत गेलास तर न्याहारीच्या टायमाला कॅमेरा झोपला. तेव्हा दुसरी बॅटरी घे आणि सोबत व्ह्यूफाइंडरची सवय लाव, ती फुकट आहे.

कार्डाचं. १२८ चं एक नको, ३२ चे दोन घे. तुझी रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली कच्ची, मोठी फाइल) तीसेक एमबीची होते, म्हणजे ३२ मध्ये हजारभर रॉ बसतात, एवढे एका दिवसात काढलेस तर आधी तुझ्या बोटाला विश्रांती लागेल. आणि एक कार्ड गेलंच तर दुसऱ्यातलं तरी राहतं. कार्डावर मोठ्या अक्षरात १५०, १७० असे आकडे छापलेले असतात त्याला भुलू नको, तो बहुतेक वेळा वाचायचा स्पीड असतो, लिहायचा नाही. तुझा कॅमेरा फोरके काढत नाही, फुल एचडीला सेकंदाला सहा एमबीच्या आसपास लिहावं लागतं आणि क्लास १० चा अर्थच असा की कमीत कमी १० एमबी लिहिणार, त्यामुळे साधं क्लास १० किंवा यू१ पुरतं, फारच वाटलं तर व्ही३०.

पण कार्ड ओळखीच्या ठिकाणाहूनच घे, बिलासकट. मी एकदा बाहेरगावी घाईत एका दुकानातून ६४ चं कार्ड घेतलं, डबी ओरिजिनल, होलोग्राम ओरिजिनल, किंमत मात्र जरा जास्तच गोड. हळदीचे फोटो नीट आले, मग लग्नाचे, कॅमेऱ्यावर सगळे दिसत होते. घरी येऊन कॉम्प्युटरला लावलं तर आधीचे काही छान आणि तिथून पुढे प्रत्येक फोटो वरून अर्धा नवरा-नवरी आणि खालून राखाडी पट्टा. आत होती कमीच जागा, बाकी नुसतं लेबल. नवरीच्या काकांना फोन केला तेव्हा माझा आवाज कसा निघाला ते माझं मला माहीत. तेव्हापासून नवं कार्ड आलं की पहिले काठोकाठ भरायचं, पूर्ण परत कॉपी करून बघायचं, एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम हेच काम करतो. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारायचं आणि मगच कामाला लावायचं.

तिसरी वस्तू यादीत दिसतच नाही, रबरी ब्लोअर, तो हाताने दाबायचा फुग्यासारखा. क्लिनिंग किटमधला बारका पंप नाही, चांगला मुठीत मावेल एवढा. महागड्या बॉडीत सेन्सर (आतली फोटो टिपणारी पट्टी) स्वतःच थरथरून धूळ झटकतो, तुझ्यात ती सोय नाही, आणि रावेर-सावद्याची धूळ तुला मी काय सांगू. त्याच्याबरोबर एक मायक्रोफायबरचं फडकं. पहिले फुंकर, मग फडकं, हा क्रम उलटा केला की धुळीचा खडा काचेवर आपणच घासतो. आणि शर्टाचं टोक नाही म्हणजे नाही! स्क्रीनगार्ड किरकोळीत बसतो, बसव आणि विसर.

एवढंच. बाकीचे पैसे महिनाभर खिशात ठेव आणि रोज फोटो काढ. कुठे अडतंय ते फोटोच सांगतील.

आता तू केळीच्या घरातला म्हणून मी एक अंदाज करतो, तू अडणार पानांवर. दुपारी बागेत जाऊन फोटो काढून बघ, डोळ्याला हिरवीगार दिसणारी बाग फोटोत पांढुरकी येते, कारण केळीच्या पानाला मेणासारखी चकाकी असते आणि प्रत्येक पान आरशासारखं आभाळ परत फेकतं. यासाठी पोलरायझर फिल्टर लागतो. तो लेन्सवर लावून हळूहळू फिरवायचा, फिरवता फिरवता एका जागी पानावरची चकाकी पुसल्यासारखी जाते आणि खालून खरा हिरवा रंग, शिरा, वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या झालरी सगळं वर येतं. पहिल्यांदा बघशील तेव्हा तोंडातून आपोआप काहीतरी निघेल. हे काम नंतर कॉम्प्युटरवर होत नाही, म्हणून माझ्या मते फिल्टरवर खर्च करायचाच तर यावर. घेताना ५८ एमएम आणि सर्क्युलर लिहिलेला घे, साधा लिनिअर घेतला तर डीएसएलआरचा फोकस आणि उजेड मोजणारा मीटर गंडू शकतो. कॅननच्या ५५-२५० ला पण ५८ च लागतो, त्यामुळे पुढे ती लेन्स घेतलीस तरी हाच चालेल. एक गोम मात्र आहे, तुझ्या किट लेन्सचं (कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ चं) पुढचं तोंड फोकस होताना फिरतं, म्हणजे तू लावलेला अँगल पण फिरतो. म्हणून आधी फोकस कर, लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाक, मग फिल्टर फिरव. उजेड दीड-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड कमी) खातो तो, त्यामुळे संध्याकाळी काढून ठेवायचा.

मी धुळ्याला शिक्षिका आहे. लेन्स घेतली तेव्हाच दुकानात यूव्ही फिल्टर लावून दिला, नाहीतर लेन्स खराब होते म्हणाले. कानबाईच्या रात्रीचे फोटो काढले तर समयांच्या समोरासमोर हिरवट ठिपके आलेत. आमच्या सासूबाई म्हणतात देवीचा प्रसाद आहे, काढू नकोस. खरं काय?

ताई, सासूबाईंच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नाही, पण तो प्रसाद फिल्टरचा आहे. समईचा उजेड लेन्समधून आत जातो, थोडा परत फिरतो आणि त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो, म्हणून ठिपका फोटोच्या मध्याच्या बरोबर पलीकडे उमटतो. समई डावीकडे वर, तर ठिपका उजवीकडे खाली, मोजून बघा. दिवे, रस्त्यावरचे लाइट, फटाके असले की फिल्टर काढून ठेवायचा. यूव्हीचं म्हणाल तर डिजिटल सेन्सरच्या पुढे ती किरणं अडवायची काच असतेच, हा फिल्टर उरतो तो नुसता राखणीला. रंगपंचमीला किंवा यात्रेच्या धुळीत लावा, एरवी त्यापेक्षा लेन्स हुड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) बरा, ऊन पण अडवतो आणि कुठे ठोकलं गेलं तर मार पहिले तो खातो. किट लेन्ससोबत हुड बहुतेक देत नाहीत, वेगळा घ्यावा लागतो, तुमच्या लेन्सच्या नंबरचाच मागा.

आम्ही शहाद्याचे चार मित्र. दोघांकडे निकॉन डी३५००, दोघांकडे कॅनन. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला आणि उन्हाळ्यात तोरणमाळला रात्री ताऱ्यांचे फोटो काढायला जायचंय. ट्रायपॉड आणि रिमोट कोणते घ्यावेत?

भाऊ लोक, चौघात एकच ट्रायपॉड घ्या पण दणकट घ्या. चार हलके घेतले तर चारही हलतील.

सारंगखेड्याला तर तो गाडीतच राहू द्या. दत्तजयंतीची गर्दी, नाचणारा घोडा, मागून ढकलणारी माणसं, तिथे तीन पाय पसरायला जागा कोण देतो भो! शटर हजाराच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास ठेवा आणि हातात धरूनच काढा. तिथली खरी भानगड धूळ आहे. मी पहिल्या वर्षी तापीकाठच्या त्या मैदानात उभ्या-उभ्या लेन्स बदलली, घरी बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळात तेच सात काळे डाग, घोडा बदलतोय, मालक बदलतोय, डाग जागचे हलत नाहीत. तेव्हा एक लेन्स लावून जा आणि तीच ठेवून परत या. बदलायचीच पाळी आली तर गाडीत बसून, काचा वर, कॅमेऱ्याचं तोंड खाली. घरी आल्यावर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ २२ ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, सेन्सरवरची सगळी धूळ त्यात दिसते. नुसत्या ब्लोअरने गेली नाही तर सर्व्हिस सेंटर, कापूस लावलेली काडी घालून स्वतः प्रयोग करू नका.

तोरणमाळला मात्र ट्रायपॉडशिवाय काही नाही. दुकानात नुसता बघून घेऊ नका. सगळे पाय पूर्ण उघडा, मधली दांडी मात्र खालीच ठेवा, ती वर केली की डुलतं सगळं. वरून तळहाताने दाबा आणि थोडं पिळा, पाय आत दुमडले किंवा डोकं करकरलं तर परत द्या. किट लेन्ससकट तुमचा कॅमेरा एक किलोच्या आतच आहे, तरी तीन-चार किलो पेलणारा घ्या म्हणजे पुढे मोठी लेन्स आली तरी चालेल. मधल्या दांडीला खाली हुक आहे का बघा, यशवंत तलावाच्या काठावर वारा सुटला की त्याला बॅग अडकवायची, आम्ही एकदा बॅग ओली झाली म्हणून पिशवीत दगड भरून लटकवले होते. आणि कॅमेऱ्याखाली लावायची ती प्लेट जादाची घ्या, हरवणारी पहिली वस्तू तीच असते.

रिमोटवर पैसे घालवू नका. निकॉनचा तो छोटा इन्फ्रारेड रिमोट डी३५०० वर चालतच नाही, त्यात रिसीव्हरच नाही, दुकानदार मात्र बिनधास्त देतो. दोन सेकंदाचा सेल्फ टायमर लावा, हाताचा धक्का शांत होतो आणि मग फोटो निघतो. तारे लांबट येऊ नयेत म्हणून ५०० ला लेन्सच्या एमएमने आणि सेन्सरच्या क्रॉपने (निकॉनचा १.५, कॅननचा १.६) भागायचं, म्हणजे १८ एमएमवर निकॉनचे साडेअठरा सेकंद आणि कॅननचे सतरा, मी पंधरालाच थांबतो. अमावास्येच्या आसपास जा. लेन्सचं व्हीआर (निकॉन) किंवा आयएस (कॅनन), म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद करा.

नवापूरला पाऊस फार. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये व्यवस्थित ठेवलेला असतो, डांबरगोळ्या पण टाकलेल्या आहेत.

ती बुरशी आहे. आत गेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे लेन्स उघडावी लागेल आणि उशीर केला तर काचेवरचं कोटिंग खाऊन टाकते. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवा.

कपाटातून आजच काढा. डांबरगोळ्या आणि कापूर कॅमेऱ्याजवळ ठेवू नका असं निकॉनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, आपण ते पान वाचत नाही एवढंच. रबरी कडीचा, हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टाका. आकडा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे, ६० च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण, आणि ३० च्या खाली पण नको, रबर वाळतं. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, ओलं झालं की कळतं, तापवून परत वापरता येतं. निळं मिळतं त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, नारिंगी बरं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणारे पण मला भेटलेत, तांदळाची भुकटी लेन्सच्या झूममध्ये गेल्यावर परत भेटले.

जळगाव-भुसावळवाल्यांनी हसू नये, तुमचा त्रास उलटा आहे. कॅमेरा ० ते ४० डिग्रीत वापरायचा असं कंपनी सांगते आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४४-४५ असतं, मग बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असेल. पांढरा टॉवेल गुंडाळून सीटखाली तरी ठेवा, शक्यतो गाडीत ठेवूच नका.

अमळनेरहून एक काकू: नातवाच्या बारशाचे फोटो घरात काढले, सगळे काळपट आणि खालच्या बाजूला अर्धगोल सावली. मुलगा म्हणतो फ्लॅश घेऊ. घर जुनं, धाब्याचं आहे. कॅमेरा कॅनन १५००डी.

काकू, ती अर्धगोल सावली हुडची आहे, कॅमेऱ्याचा उघडणारा फ्लॅश वापरताना हुड काढायचा, लगेच गेली. काळपटपणाचं कारण असं की तो फ्लॅश फार बारका असतो, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ते) १०० आणि एफ ५.६ वर त्याची पोच दीड मीटरच्या थोडी पुढे. आयएसओ ८०० करा, तोच फ्लॅश साडेचार मीटरपर्यंत जाईल, खर्च शून्य.

बाहेरचा फ्लॅश घेणाऱ्याला सगळे सांगतात की छताकडे तोंड करून मारा, उजेड मऊ पडतो. पांढऱ्या स्लॅबखाली खरंच पडतो. धाब्याच्या घरात वर काळ्या पडलेल्या सागाच्या कड्या, त्या उजेड गिळून टाकतात आणि परत देतात तो पिवळट. तुमच्याकडे चुना मारलेली भिंत असेल तर तिच्याकडे तोंड करा, नसेल तर मुलाला पांढरी चादर धरून उभं करा, नातवाचा बाप आहे, धरेल. मला विचाराल तर त्या पैशात ५० एमएम एफ १.८ लेन्स येते का बघा, किट लेन्सच्या ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड घेते, दारातून येणाऱ्या उजेडात बाळाचा चेहरा असा येतो की फ्लॅशची आठवण होत नाही. खोली लहान असेल तर मात्र भिंतीला पाठ टेकवावी लागेल. आणि मुलगा फ्लॅशच घेणार असेल तर आधी कॅमेऱ्यावरच्या खाचेत मधला गोल ठिपका आहे का ते बघायला सांगा, कॅननच्या २००डी मार्क टू सारख्या काही बॉडीत तो नसतो आणि मग स्वस्तातले साधे फ्लॅश पेटतच नाहीत.

चाळीसगावहून: घरी केळीचे वेफर्स बनवतो, पाकिटासाठी फोटो हवेत. लाइटचा तंबू मिळतो तो घ्यावा का?

नको. खिडकीजवळ टेबल, मागून खाली वळत येणारी पांढरी कार्डशीट, खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा. थर्माकोल जवळ-लांब करून बघा, वेफरच्या सुरकुत्यांची सावली हवी तेवढी ठेवता येते, तंबूत सगळं सपाट होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा चार वह्यांवर.

आणि तुम्ही चाळीसगावात राहून हे मला विचारताय? स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. १९८९ मध्ये गेले ते, त्याआधीची कित्येक वर्षं जवळजवळ घराबाहेर न पडता टेबलावरच्या वस्तूंमधून आख्खी दृश्यं उभी केली त्यांनी. तंबूचे पैसे ठेवा आणि एक दुपार तिथे जाऊन या. प्रत्येक फोटोत उजेड कुठल्या बाजूने आलाय ते सावलीवरून ओळखायचं.

यावलहून एकच ओळ: दुकानदार बॅग फुकट देतोय, घेऊ का?

घ्या, फुकट आहे. चेन दहा वेळा उघड-बंद करून बघा, आणि पाल गावाकडच्या जंगलात नेणार असाल तर आत जुना टॉवेल घातलेलं शाळेचं दप्तर वापरा.